गेल्या दिवाळीला धो धो चाललेली जाहिरात यंदा आपटली. असं का?

वाळवण
नमस्कार मंडळी. इथे जाहिरातीच्या धंद्यातले बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

आमचा घरगुती फराळाचा छोटा उद्योग आहे, नाशिकला. आई, मावशी आणि मदतीला दोघीजणी. मी नोकरी सांभाळून रात्री ऑर्डरी लिहितो आणि फेसबुक-इन्स्टाचं बघतो. गेल्या दिवाळीला चकलीचा एक व्हिडिओ लावला होता. आई भाजणी भाजत होती आणि मी फोन डब्याला टेकवून ठेवला होता, बास. कढईत उलथनं फिरल्याचा खरखर आवाज, आणि मध्येच आई म्हणते, "फोन ठेव नि ते धने दे इकडे, ही डाळ करपेल." ४० सेकंद. ना संगीत, ना काही.

दसऱ्यापासून १४ दिवस, रोज ३०० रुपये. म्हणजे ४,२०० आणि वर १८ टक्के जीएसटी. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर १८६ मेसेज आले, ७१ ऑर्डरी झाल्या. मेसेजमागे २३ रुपये पडले. व्हिडिओखाली हजाराच्या वर कमेंटी, त्यातल्या निम्म्या "माझी आई अशीच ओरडायची" छापाच्या.

यंदा म्हटलं चालतं नाणं आहे, मोठ्ठं वाजवू. तीच जाहिरात कॉपी केली, पाच अ‍ॅड सेट केले, म्हणजे दर शहराचा वेगळा गट आणि वेगळं बजेट (नाशिक, पुणे, मुंबई, नागपूर, बंगळूर), प्रत्येकी ३००, म्हणजे रोज १,५००. तीन दिवसांत ४,५०० गेले आणि मेसेज आले ६१. मेसेजमागे ७४ रुपये! घाबरून बंद केली. व्हिडिओ तोच, मजकूर तोच, आईही तीच. चुकलं कुठे?

ताकभात
आधी हे सांगा, भाजणीत पोहे घालता का? बाकी चर्चा नंतर.

रात्रपाळी
वाळवण, कॉपी करताना जुन्या कमेंटी नव्या जाहिरातीवर आल्या का? नसणार. नुसतं ड्युप्लिकेट केलं की मेटा (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) नवी पोस्ट तयार करतं. व्हिडिओ तोच दिसतो, पण पोस्ट कोरी. बघणाऱ्याच्या दृष्टीने गेल्या वर्षी गर्दी असलेलं दुकान होतं, यंदा पाच रिकामी दुकानं.

जुनी पोस्टच पुन्हा वापरायची. जाहिरातीच्या पातळीवर 'यूज एक्झिस्टिंग पोस्ट' असा पर्याय असतो, तिथून जुनी पोस्ट निवडा किंवा तिचा पोस्ट आयडी टाका. ड्युप्लिकेट करतानाच एक खूण करायची चौकटही येते, जुन्या प्रतिक्रिया, कमेंटी आणि शेअर नव्या जाहिरातीवर दाखवा अशा अर्थाची. घाईत सगळे ती सोडून पुढे जातात. मीही सोडली आहे, क्लायंटचे पैसे होते म्हणून आकडा सांगत नाही.

आणि मजकुरात हात घालू नका. शब्द बदलला, व्हिडिओ कापला, की ती नवी जाहिरात धरली जाते आणि ती कुणाला दाखवायची हे मशीनचं शिकणं पहिल्यापासून.

वाळवण
@रात्रपाळी, अगदी तसंच झालंय. पाचही पोस्टी कोऱ्या. एकीवर फक्त मावशीचा अंगठा.
@ताकभात, पोहे घालतो. थोडे.

तिरकस
मावशीचा अंगठा =)) हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

खडीसाखर
पाच सेट एकमेकांशीच भांडले असणार. कुणाची जाहिरात दाखवायची याचा दर वेळी लिलाव होतो, त्यात एकाच जाहिरातदाराच्या जाहिराती एकमेकींचा भाव वाढवतात. म्हणून महाग पडलं.

रात्रपाळी
@खडीसाखर, नाही हो. एकाच जाहिरातदाराच्या दोन जाहिराती एका लिलावात आल्या तर मेटा त्यातली एक पुढे करतं, दुसरी मागे राहते. भाव वाढत नाही, दुसरीचे पैसे खर्च होत नाहीत एवढंच. आणि इथे शहरंच वेगळी आहेत, टक्कर व्हायची कुठे?

खरा घोळ वाटणीचा आहे. अ‍ॅड सेटला सूर सापडायला आठवड्याला साधारण ५० रिझल्ट (इथे मेसेज) लागतात, हे मेटाचंच म्हणणं. ६१ मेसेज पाच जणांत वाटले तर प्रत्येकी १२. तीन दिवसांत १२, म्हणजे आठवड्याला २८. पाचपैकी एकही सेट ५० गाठत नाही. गेल्या वर्षी एकच सेट होता, १४ दिवसांत १८६, म्हणजे आठवड्याला ९३. तो आरामात पास झाला. यंदा तुम्ही एका हुशार पोराऐवजी पाच कच्चे विद्यार्थी बसवलेत.

एक सेट ठेवा, त्यातच दोन-तीन शहरं घाला.

बोरीबंदर
गेल्या वर्षी दसऱ्यापासून लावली होती म्हणता. यंदा कधी लावलीत?

वाळवण
गेल्या गुरुवारी. म्हटलं जरा आधीपासून सुरू केलं तर...

बोरीबंदर
अहो, गेल्या गुरुवारी पितृपक्ष चालू होता!

तिरकस
धागा इथेच संपला. संपादक, कुलूप लावा.

ताकभात
पितरांनाही चकली आवडते हो. पण ते व्हॉट्सअ‍ॅप करत नाहीत.

बोरीबंदर
हसा. पण माझं ठाण्यात भेटवस्तूंचं दुकान होतं, एकवीस वर्षं. पितृपक्षात गल्ला निम्म्यावर यायचा आणि घटस्थापनेच्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक शटर अर्धं उघडल्यावर वाकून आत यायचं. तुमचं ते शिकणारं मशीन जेवढं बघितलं तेवढंच शिकणार. पंधरवड्यात त्याला कळलं की चकली कुणालाच नको. ज्यांनी नुसतं दाबून पाहिलं ते मोकळे लोक त्याने तुमच्याकडे पाठवले.

जाहिरात पुन्हा वापरता येते, पण ती ज्या आठवड्यात चालली तो आठवडा कॉपी होत नाही.

निंबोणी
+१. आमचा देवगडला हापूसचा धंदा आहे, नवऱ्याच्या बागेतला. माझा अनुभव थोडा उलटा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आमची एक रील जोरात चालली होती. सुरीने आंबा कापताना रस हातावरून ओघळतो, सासरे तो चाटतात, एवढंच. पहिल्या वर्षी मार्चअखेर लावली. पेट्या पुरल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी तीच पोस्ट, जुन्या कमेंटींसकट, वरती रात्रपाळी म्हणतात तशी. सुरुवात झकास. पण आम्ही ती मुंबई-पुण्यातल्या ठरावीक वयाच्या लोकांना दाखवत बसलो आणि फ्रीक्वेन्सी बघितलीच नाही. एप्रिलच्या शेवटी ती सहाच्या वर गेली होती. म्हणजे एकेका माणसाला सरासरी सहा वेळा माझे सासरे हात चाटताना दिसत होते. एका बाईंनी लिहिलं, "काका, आता हात धुवा."

तेव्हापासून आम्ही रील बदलत नाही, सुरुवात बदलतो. पहिले तीन सेकंद दरवेळी वेगळे: कधी झाडावरून झेल्याने आंबा उतरवताना, कधी पेटीत गवत भरताना, कधी नुसता आंबा नाकाला लावणारी माझी मुलगी. पुढे तोच रस, तेच सासरे. मूळ पोस्ट चालू ठेवायची आणि या बहिणी तिच्या शेजारी उभ्या करायच्या. मूळ दमली की बहिणींपैकी एक पुढे येते. येत नाही असंही होतं.

आणि एक घोडचूक सांगते. पहिल्या रीलवर मी डझनाचा भाव मोठ्या अक्षरांत टाकला होता. मार्चचा भाव! मे महिन्यात तो निम्म्यावर येतो. जाहिरात भाव दाखवतेय एक, मी फोनवर सांगतेय दुसरा. चालणाऱ्या व्हिडिओवर भाव आणि तारीख कधीच छापू नये. पुन्हा वापरता येत नाही.

रात्रपाळी
@निंबोणी, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. "काका, आता हात धुवा" हे आमच्या ऑफिसात फळ्यावर लिहिणार आहे.

साधामाणूस
बजेट दर दिवशी २० टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही हा नियम आहे. ३०० वरून थेट १,५०० केलंत तिथेच माती खाल्ली.

खडीसाखर
हा नियम नेमका कुठे लिहिलाय? मेटा म्हणतं मोठा बदल केला तर शिकणं पुन्हा सुरू होऊ शकतं. २० हा आकडा एजन्सीवाल्यांची वहिवाट आहे. मी एकदा एका रात्रीत तिप्पट केलंय, काही झालं नाही. दुसऱ्यांदा केलं, सगळं बसलं.

साधामाणूस
म्हणजे नियम पाळलेलाच बरा ना? :)

खडीसाखर
बरा. पण त्याला शास्त्र म्हणू नका.

गुळपोळी
अवांतर: अमूलच्या जाहिरातीतली ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून तीच आहे. ओळ दर वेळी नवी. इथे दोन वर्षांत व्हिडिओ शिळा होतो म्हणून आपण रडतोय.

तिरकस
तिला दिवसातून सहा वेळा हात चाटताना बघावं लागत नाही.

चतुर_चाणक्य
एवढं डोकं कशाला लावता? मेटाची अ‍ॅड लायब्ररी २०१९ पासून सगळ्यांना उघडी आहे. कुठल्याही पेजच्या चालू जाहिराती दिसतात, कधीपासून चालू आहेत तेही दिसतं. जी तीन-चार महिने बंद झालेली नाही ती चालते असं समजायचं आणि तशीच आपली बनवायची. दुसऱ्याने पैसे घालून प्रयोग केलाय, आपण फळ खायचं.

निंबोणी
"तशीच" म्हणजे कशी? आमची रील एकाने तशीच्या तशी उचलली होती. माझे सासरे दुसऱ्याच्या पेजवर हात चाटत होते आणि खाली फोन नंबर कुठला तरी भलताच. तक्रार करून ती उतरवायला नऊ दिवस गेले, नऊ दिवसांत आंबा संपतो.

चतुर_चाणक्य
मी कल्पना म्हटलं, व्हिडिओ नाही. गैरसमज नको. आणि लांबलेली जाहिरात म्हणजे चालणारीच असंही नाही हे कबूल, काही जण बंद करायला विसरलेले असतात.

रात्रपाळी
आमच्याकडे एक क्लायंट आठ महिने विसरला होता. गणपतीची ऑफर, होळीला चालू.

वाळवण
मंडळी, खूपच कामाचं मिळतंय. एक गोष्ट सांगायची राहिली. मधल्या काळात आईने त्या व्हिडिओवर आक्षेप घेतला. "अख्ख्या जगाला मला गाऊनवर दाखवलंस, खांद्यावर फडकं!" म्हणून ऑगस्टमध्ये नवा काढला. पैठणी, नथ, तांब्याची परात, मागे समई, बासरीचं संगीत. भाच्याने चांगला कॅमेरा आणला होता. आई कॅमेऱ्यात बघून म्हणते, "आमच्या घरची खमंग चकली." चार दिवस रोज २०० लावून बघितले. मेसेज आले पाच, त्यातला एक पैठणी कुठून घेतली विचारणारा.

आईचं मत: लोकांना चव राहिली नाही.

ताकभात
पैठणीचा धंदा सुरू करा. येवला जवळच आहे.

बोरीबंदर
लोकांनी चकली बघितलीच नव्हती हो. त्यांना ते ओरडणं ऐकू आलं. पैठणी नेसून भाजणी कोण भाजतं?

निंबोणी
अगदी. आणि तुमच्या पहिल्या व्हिडिओत संगीत नाही हे फार बरं झालं. आम्ही एका रीलला सिनेमाचं गाणं लावलं होतं. लाइक्स भरपूर, पण बूस्ट करायला गेलो तर होईना, गाण्याचे हक्क आडवे आले.

बे_एरियातली
वाळवण, परदेशी पण दाखवणार आहात का? आम्ही इथे दर वर्षी फराळ मागवतो म्हणून विचारते. दाखवणार असाल तर आधी कुरिअरवाल्याशी बोला. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने ८०० डॉलरखालच्या पार्सलची करमाफी काढली. त्या सुमाराला भारतीय टपाल खात्याने इकडची पार्सलं थांबवली होती, ती दिवाळीच्या तोंडावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. माझ्या बहिणीचा डबा नाताळात पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, तो आम्ही भेळेत घातला.

जाहिरात इकडे चालेलच. "धने दे इकडे" ऐकून मीच दोनदा मागवीन. पण मागवल्यावर पोचायला हवं.

वाळवण
नाही ताई, यंदा परदेश नाही. इथलंच झेपत नाहीये.

साधामाणूस
"झेपत नाहीये" वरून आठवलं. रोज किती किलो चकली होते तुमच्याकडे?

वाळवण
दोन सोऱ्यांवर, सगळं नीट चाललं तर १२ किलो. त्याहून जास्त केलं की मावशीचा खांदा धरतो.

साधामाणूस
दसऱ्यानंतर कामाचे दिवस धरा १६. १२ गुणिले १६, १९२ किलो. गेल्या वर्षी ७१ ऑर्डरींची किती गेली?

वाळवण
साधारण १०६ किलो.

साधामाणूस
म्हणजे तुमची चूल गेल्या वर्षीच्या दुप्पटही देऊ शकत नाही, आणि तुम्ही जाहिरात पाचपट केलीत. चालली असती तर काय केलं असतंत?

तिरकस
मावशीचा दुसरा अंगठा मिळाला असता.

बोरीबंदर
साधामाणूस यांनी एका वाक्यात सगळ्यांची विकेट काढली. वाळवण, पितृपक्षाने वाचवलं तुम्हाला.

रात्रपाळी
मान खाली घालून +१. आम्ही सगळे मशीनच्या बाजूने बोलत होतो, चुलीचं कुणी विचारलंच नाही.

तरी मूळ प्रश्नाकडे येतो. वाळवण, जुनी पोस्ट पुन्हा लावण्याआधी तिच्या कमेंटी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. गेल्या वर्षी कुणी "किंमत?" विचारल्यावर तुम्ही खाली जाहीर भाव लिहिला असेल. तो अजून तिथेच आहे.

वाळवण
बाप रे. लिहिलाय. एकदा नाही, तीस-चाळीस वेळा. ५२० रुपये किलो. यंदा ६०० आहे. आणि एक तक्रार पण आहे, "डब्यातल्या निम्म्या चकल्या मोडलेल्या." तिला मी उत्तरच दिलेलं नाही. काढून टाकू?

खडीसाखर
तक्रार लपवू नका. लपवली तरी लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, तुम्हीच उघडे पडता. उत्तर द्या: यंदा डबा बदललाय, मोडल्या तर पुन्हा पाठवू. डबा बदललाय ना?

वाळवण
आता बदलतो.

निंबोणी
भावाच्या कमेंटी मात्र खुशाल काढा. नाहीतर रोज एक जण स्क्रीनशॉट घेऊन भांडायला येईल. मी मे महिनाभर भांडले आहे.

आणि हो, ते ७१ लोक कुठे आहेत? त्यांचे नंबर आहेत ना तुमच्याकडे? जाहिरातीआधी त्यांना एक-एक मेसेज करा. फुकट.

ताकभात
माझा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. पोहे किती?

गुळपोळी
चार वाट्या तांदूळ, दोन हरभराडाळ, एक मूगडाळ, अर्धी उडीद. पोहे एक वाटी. धने-जिरे अंदाजाने.

ताकभात
उडीद अर्धी? आमच्याकडे एक.

गुळपोळी
एक घातली तर दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दगड होतात.

*(इथून पुढचे २३ प्रतिसाद उडीद डाळीवर गेले. ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. - संपादक)*

वाळवण
मंडळी, पुन्हा वर काढतोय. हिशोब देतो, कारण इथेच मागितला होता सल्ला.

घटस्थापनेला गेल्या वर्षीच्या ७१ जणांना एकेक मेसेज केला. सरसकट नाही, नाव घालून. ३८ जणांनी पुन्हा मागवलं. जाहिरातीचा खर्च शून्य. हे आधी का सुचलं नाही याची लाज वाटतेय.

दसऱ्याला जुनी पोस्ट आयडीवरून लावली. एकच सेट, नाशिक-पुणे-मुंबई. भावाच्या कमेंटी काढल्या, तक्रारीला उत्तर दिलं (त्या बाईंनी यंदा दोन किलो मागवली आणि खाली लिहिलं, "बघू"). तीन दिवस ३००, मग तीन दिवस ३६०, मग ४३०, मग ५००. बारा दिवसांत ४,७७० रुपये, १७७ मेसेज. एका मेसेजला २७. गेल्या वर्षीपेक्षा चार रुपये जास्त, पण दिवाळीत सगळेच मोठे दुकानदार बोली लावतात म्हणे, तेव्हा ठीक. त्यातून ऑर्डरी ८३. जुन्या-नव्या मिळून १२१, साधारण १८० किलो.

निंबोणीताईंच्या सांगण्यावरून दोन बहिणी पण काढल्या होत्या. एकीत सुरुवातीला सोऱ्यातून चकली पडताना, ती बरी चालली. दुसरीत सुरुवातीला मी बोलतोय. ती नाही चालली.

तेराव्या दिवशी जाहिरात बंद केली. चालत होती, तरी केली. मावशी खांद्याला शेक घेत होती आणि आई म्हणाली, "अजून एक ऑर्डर घेतलीस तर तू गाळ."

रात्रपाळी
हे वाक्य रेकॉर्ड केलंत का?

वाळवण
फोन चार्जिंगला होता :(

सोनचाफा२
छान धागा. मी आत्ताच वाचला. चकली कशी किलो?

वाळवण
६००. पण ऑर्डरी बंद आहेत, खरंच. पुढच्या वर्षी घटस्थापनेला व्यनि (खासगी निरोप) करा.

ताकभात
उडीद किती घालता तेवढं सांगा मग जा.